ग्राही, ग्राहक की स्वीकारक?

प्रश्न असा आला आहे: एका प्रयोगशाळेच्या माहितीपत्रकाचं मराठी करायचं आहे. तिथे मेंदूतले रिसेप्टर (पेशीवरची निरोप घेणारी प्रथिनं), जिवाणूंचं श्वसन आणि प्रकाशसंश्लेषण या तिन्हींवर काम चालतं. पहिल्या भागात रिसेप्टरसाठी 'ग्राही' वापरला. पुढच्या दोन भागांत इलेक्ट्रॉन ॲक्सेप्टर, म्हणजे इलेक्ट्रॉन घेणारा पदार्थ, आला, तर त्यालाही 'ग्राही'च सुचला. दोन्हीकडे तोच ठेवला तर चालेल का, की एकाला 'ग्राहक' करावं?

दोन्हीकडे तोच चालणार नाही, आणि 'ग्राहक' तर कुठेच नको. रिसेप्टर म्हणजे ग्राही, ॲक्सेप्टर म्हणजे स्वीकारक. सुटं वाक्य असेल तर गोंधळ खपून जातो. पण तिन्ही विषय एकाच पत्रकात असतील तर अर्थाचा विचका होतो, तो कसा ते पाहू.

'ग्रह्' या धातूला 'अक' लागला की ग्राहक होतो आणि 'इन्' लागला की ग्राही. व्याकरणाच्या दृष्टीने दोघेही 'घेणारे'च. पण मराठीत ग्राहक दुकानात जाऊन बसलाय. ग्राहक मंच, ग्राहक पंचायत, ग्राहकांचा संतोष. 'मेंदूतील ग्राहकांची संख्या घटते' हे वाक्य वाचून पहिल्यांदा मंदीच आठवते. ग्राहीचं तसं झालेलं नाही. गुणग्राही, मर्मग्राही, सारग्राही हे आपले जुने शब्द आहेत, आणि त्यांतला 'घेणारा' वस्तू उचलून नेत नाही, त्याला काहीतरी कळतं. रिसेप्टरला नेमकी हीच छटा हवी.

गंमत म्हणजे इंग्रजीतही ही दोन भावंडंच आहेत. रिसेप्टर आणि ॲक्सेप्टर या दोन्हींच्या मुळाशी लॅटिनमधला 'घेणे' या अर्थाचा एकच धातू आहे, फरक फक्त उपसर्गाचा. आपल्याकडेही ग्रहाला उपसर्गांचा तोटा नाही: संग्रह, आग्रह, निग्रह, अनुग्रह, प्रतिग्रह. त्यातला प्रतिग्रह म्हणजे दिलेलं दान स्वीकारणं, त्यामुळे 'दाता आणि प्रतिग्राही' अशी जोडी संस्कृतात चपखल बसेल. मोह होतो खरा. पण माहितीपत्रक वाचणाऱ्या बारावीच्या मुलीला 'अंतिम इलेक्ट्रॉन प्रतिग्राही' वाचायला लावणं हा तिच्यावर अन्याय आहे. 'स्वीकारक' तिला न सांगता कळेल.

आता मूळ फरक. ग्राहीला निरोप मिळतो, स्वीकारकाला माल मिळतो. हे एवढं धरून ठेवलं की बहुतेक ठिकाणी कोडं सुटतं.

मेंदूतल्या चेतापेशींवरचा एनएमडीए ग्राही घ्या. तो चार प्रथिन-तुकड्यांचा असतो, दोन एका जातीचे, दोन दुसऱ्या. एका जातीच्या तुकड्यांवर ग्लुटामेट हे निरोप आणणारं रसायन बसतं, दुसऱ्यांवर ग्लायसिन किंवा डी-सेरिन. दोन्ही बसल्याशिवाय दार उघडत नाही. आणि एवढं होऊनही, पेशी विश्रांतीत असेल, म्हणजे तिच्या पटलावर उणे ७० मिलिव्होल्टच्या आसपास दाब असेल, तर छिद्रात मॅग्नेशियमचं बूच बसलेलं असतं. शेजारच्या ग्राहींमुळे हा दाब उतरला की बूच निघतं आणि कॅल्शियम आत शिरतं. या सगळ्यात ग्लुटामेटचं काय होतं? काहीच नाही. ते जसं आलं तसंच सुटून बाहेर पडतं. ग्राहीने त्याच्याकडून फक्त निरोप घेतला.

स्वीकारकाचं उलट. ई. कोलाय या जिवाणूला ऑक्सिजन मिळाला नाही तर तो नायट्रेटला इलेक्ट्रॉन देतो. नायट्रेट ते घेतं आणि नायट्राइट होतं, म्हणजे त्याचं क्षपण होतं. घेणारा स्वतः बदलला. नायट्रेटही नसेल तर फ्यूमरेटवर भागवतो, आणि फ्यूमरेटचं सक्सिनेट होतं. कोणता स्वीकारक किती फायद्याचा हे व्होल्टमध्ये मोजता येतं. इलेक्ट्रॉन निघतात ते पेशीतल्या एनएडीएच या इलेक्ट्रॉन देणाऱ्या रेणूकडून, साधारण उणे ०.३२ व्होल्टवरून. ऑक्सिजन अधिक ०.८२ वर, नायट्रेट अधिक ०.४२ वर आणि फ्यूमरेट जेमतेम अधिक ०.०३ वर. उतार जितका मोठा तितकी ऊर्जा जास्त, म्हणून ऑक्सिजन असताना जिवाणू बाकीच्यांकडे बघतही नाही.

आणि इथेच 'दोन्हीकडे ग्राही' हा मार्ग कोसळतो. ऑक्सिजन नसताना नायट्रेट आलंय हे ई. कोलायला कळतं कसं? त्याच्या पटलात नार-एक्स नावाचं प्रथिन असतं. नायट्रेट त्याच्या बाहेरच्या बाजूला बसतं, नार-एक्स आतल्या नार-एल या प्रथिनावर फॉस्फेट चढवतं, आणि नार-एल नायट्रेट वापरणाऱ्या विकराची (एन्झाइमची) जनुकं चालू करून फ्यूमरेटवाल्या विकराची बंद करतं. म्हणजे एकच नायट्रेट दोन ठिकाणी हजेरी लावतं. नार-एक्समध्ये ते निरोप म्हणून बसतं आणि तसंच सुटतं. विकराकडे ते इलेक्ट्रॉन घेतं आणि नायट्राइट होतं. आता हे वाक्य वाचा: 'नायट्रेट हा ग्राही उपलब्ध असताना नायट्रेटचा ग्राही सक्रिय होतो.' कोण कोणाचा काय, काही पत्ता लागत नाही. तेच असं लिहा: 'नायट्रेट हा स्वीकारक उपलब्ध असताना नायट्रेटचा ग्राही सक्रिय होतो.' वाक्य तेच, शब्द एक बदलला, आणि जिवाणूचा सगळा कारभार दिसायला लागला.

प्रकाशसंश्लेषणात स्वीकारकांची रांगच असते. दुसऱ्या प्रकाशप्रणालीत (फोटोसिस्टिम टू) प्रकाशाने उत्तेजित झालेलं हरितद्रव्य आपला इलेक्ट्रॉन फिओफायटिन या शेजारच्या रंगद्रव्याला देतं, ते क्यू-ए नावाच्या क्विनोनला, ते क्यू-बीला. क्यू-बी दोन इलेक्ट्रॉन आणि दोन प्रोटॉन घेऊन आपली जागा सोडतं. रिकामं झालेलं हरितद्रव्य शेवटी पाण्याकडून भरपाई करून घेतं. ऑक्सिजनचा एक रेणू सुटायला पाण्याच्या दोन रेणूंतून चार इलेक्ट्रॉन काढावे लागतात. यात क्यू-ए एका क्षणी स्वीकारक, पुढच्या क्षणी दाता. दाता आणि स्वीकारक ही त्या घटकेची कामं आहेत. ग्राही ही मात्र त्या प्रथिनाची कायमची ओळख आहे. म्हणून 'प्राथमिक स्वीकारक', 'अंतिम स्वीकारक' अशी विशेषणं लागतात, आणि ग्राहीला ती लागत नाहीत.

स्वीकारक म्हणजे काय हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर महाविद्यालयात करतात तो हिल अभिक्रियेचा प्रयोग बघावा. रॉबर्ट हिल यांनी १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात केंब्रिजमध्ये दाखवलं की पेशीबाहेर काढलेली हरितलवकं उजेडात ऑक्सिजन सोडतात, फक्त त्यांना इलेक्ट्रॉन घेणारं काहीतरी द्यावं लागतं. त्यांनी फेरिक ऑक्झॅलेट दिलं होतं. हल्ली डीसीपीआयपी नावाचा निळा रंग देतात, तो इलेक्ट्रॉन मिळाला की रंगहीन होतो. पालकाच्या पानांच्या शिरा काढायच्या, बर्फात थंड केलेल्या ०.४ मोलर साखरेच्या, सात पीएचच्या आसपासच्या बफर द्रावणात खलात वाटायचं, मलमलीच्या पदरांतून गाळायचं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं आणि वरचं पाणी टाकून साका घ्यायचा. घाई-गडबडीत वरचं पाणी पुरतं टाकलं नाही की प्रयोग फसतो, कारण त्यात पानातलं क जीवनसत्त्व असतं आणि ते अंधारातही निळा रंग घालवतं. मग मुलं लिहितात, 'उजेड नसतानाही प्रकाशसंश्लेषण झाले.' म्हणून एक नळी काळ्या कागदात गुंडाळून ठेवायचीच. आणि साका कोमट होऊ द्यायचा नाही. हरितलवकांची पटलं बिघडतात आणि रंग उजेडातही निळाच राहतो. वहीत या रंगाला 'कृत्रिम इलेक्ट्रॉन स्वीकारक' लिहावं. 'कृत्रिम ग्राही' लिहिलं तर औषधशास्त्राचा विद्यार्थी वेगळंच काही समजेल.

उसात आणि मक्यात तणासाठी मारतात ते ॲट्राझीन याच रांगेत घुसतं. क्यू-बी बसण्याच्या खोबणीत ते जाऊन बसतं, पण इलेक्ट्रॉन घेत नाही. मागून आलेले इलेक्ट्रॉन तुंबतात, हरितद्रव्याची ऊर्जा ऑक्सिजनकडे वळते आणि घातक ऑक्सिजन तयार होऊन पान करपतं. (मका वाचतो, कारण तो ॲट्राझीनला ग्लुटाथायोन जोडून निकामी करून टाकतो.) या जागेला काय म्हणावं? ॲट्राझीन तिथे बसतं, स्वतः बदलत नाही, म्हणून ग्राही म्हणावंसं वाटतं. पण निरोप कुठेच जात नाही, नुसतं काम अडतं. इथे 'खोबण' किंवा 'बंधनस्थान' लिहून मोकळं व्हावं. मेंदूकडेही हीच काळजी घ्यावी: केटामाइन हे भुलीचं औषध ग्लुटामेटच्या जागी बसत नाही, ते एनएमडीए ग्राहीच्या छिद्रात अडकतं. 'केटामाइन ग्लुटामेटची जागा घेते' हे वाक्य चूक आहे.

मूळ प्रश्नात नव्हतं, पण पत्रकात हमखास येईल असं एक क्रियापद. इंग्रजीतल्या 'बाइंड'चं 'बांधणे' करू नका. 'ग्लुटामेट ग्राहीला बांधते' म्हणजे दावं लावून खुंटीला बांधतं असं वाटतं. 'जोडले जाते' म्हटलं की रसायनशास्त्रवाल्याला पक्का बंध दिसतो, आणि इथे तर ते क्षणार्धात सुटायचं असतं. आपल्याकडे 'बसणे' आहे. किल्ली कुलपात बसते, झाकण डब्यावर बसतं, आणि बसलेलं निघतंही. स्वीकारकासाठी 'घेणे' किंवा 'स्वीकारणे', दात्यासाठी 'देणे', आणि रांगेत असेल तर 'सोपवणे'.

तिसरा एक शब्द वेगळा ठेवावा लागेल: वाहक. ग्लुटामेट किंवा सेरोटोनिन काम झाल्यावर परत पेशीत ओढून घेणारी प्रथिनं वाहक आहेत, ग्राही नव्हेत. नैराश्यावरची नेहमीची सेरोटोनिन-औषधं वाहकाला अडवतात, म्हणून 'ही औषधे सेरोटोनिनचे ग्राही बंद करतात' हे वर्तमानपत्री वाक्य अगदी उलटा अर्थ देतं.

आणि 'प्रकाशग्राही'? हा शब्द हरितद्रव्याला लावलेला दिसतो, तो टाळावा. हरितद्रव्य उजेड घेतं ते ऊर्जेसाठी. वनस्पतीत उजेडाचा निरोप घेणारं वेगळं रंगद्रव्य असतं, फायटोक्रोम. बी केव्हा रुजायचं, फूल केव्हा धरायचं हे ठरवण्यात त्याचा हात असतो. प्रकाशग्राही म्हणायचं तर त्याला म्हणा. हरितद्रव्याला 'प्रकाश शोषणारं' पुरे.

आता शब्द चालवायचा कसा. प्राणी–प्राण्याला, पक्षी–पक्ष्याला या चालीवर ग्राहीचं 'ग्राह्याला' होईल, आणि तिथे 'ग्राह्य' नावाचा दुसराच शब्द ठाण मांडून बसलेला आहे. 'ग्राह्याची संख्या' वाचून अर्ज ग्राह्य की अग्राह्य असा प्रश्न पडेल. म्हणून हा शब्द हत्तीसारखा चालवावा: ग्राहीला, ग्राहीचा, अनेकवचनात ग्राहींना, ग्राहींचे. समासात मात्र नियम प्राण्याचाच, म्हणजे प्राणिसंग्रहालय, पक्षिमित्र, तसं ग्राहिप्रथिन, ग्राहिसंख्या, ऱ्हस्व. दोन शब्द सुटे लिहिले तर 'ग्राही प्रथिन', दीर्घ. सामान्यरूपाची अडचण ज्यांना खुपते त्यांनी सरळ 'ग्राही प्रथिन' लिहावं. 'ग्राही प्रथिनाला', 'ग्राही प्रथिनांची' यात कुणाला अडायला होत नाही. शिवाय डोळ्यातल्या किंवा जिभेवरच्या 'ग्राही पेशी' आणि त्यांच्या पटलातली 'ग्राही प्रथिने' असा भेदही आपोआप होतो. स्वीकारक बिचारा सरळ आहे, स्वीकारकाला, स्वीकारकांचे.

बोलताना सगळे रिसेप्टरच म्हणतात, त्याला हरकत नाही. पत्रकात पहिल्यांदा 'ग्राही, म्हणजे रिसेप्टर' आणि 'स्वीकारक, म्हणजे ॲक्सेप्टर' असं एकेकदा लिहून टाकावं आणि पुढे मराठी शब्दच ठेवावा. पानागणिक बदलू नये. आणि 'जिवाणूंचा श्वासोच्छ्वास' असं मधल्या भागाचं शीर्षक केलं असेल तर तेही बदला. श्वास आत-बाहेर करायला छाती लागते, इलेक्ट्रॉन पुढे सोपवायला पेशीचं पटल पुरतं. त्याला 'श्वसन'च म्हणावं, आणि ऑक्सिजनऐवजी नायट्रेट असेल तर 'विनॉक्सिश्वसन'. फक्त यीस्ट साखरेचं अल्कोहोल करतं ते त्यात घालू नका. तिथे बाहेरचा स्वीकारक नसतो, ते किण्वन.