युरोपीय महासंघ भारतासारखं संघराज्य का होत नाही? ब्रुसेल्सला जास्त अधिकार दिले तर सदस्य देशांच्या सार्वभौमत्वाचं काय उरेल?

कायद्यापुरतं बोलायचं तर महासंघ बऱ्याच अंशी संघराज्य झालेलाच आहे. तिजोरी, कर आणि सैन्य या बाबतीत मात्र तो आजही स्वतंत्र देशांमधला करार आहे. तुमच्या प्रश्नातला पेच इथूनच सुरू होतो. आणि माझं मत विचाराल तर सदस्य देशांच्या सार्वभौमत्वाला ब्रुसेल्सच्या, म्हणजे महासंघाच्या केंद्रीय यंत्रणेच्या, अधिकारांपेक्षा एकमताच्या अटीचा धोका जास्त आहे. का, ते सांगतो.

आधी कायदा. 1962 साली इटलीने वीज उद्योगाचं राष्ट्रीयीकरण केलं. मिलानमधले वकील फ्लामिनिओ कोस्ता यांचे अशाच एका वीज कंपनीत शेअर होते. निषेध म्हणून त्यांनी विजेचं बिल भरायला नकार दिला. बिल होतं 1925 लिरांचं, अगदी किरकोळ. राष्ट्रीयीकरणाचा कायदा महासंघाचा पाया घालणाऱ्या 1957 च्या रोम कराराविरुद्ध जातो, असं त्यांचं म्हणणं. इटलीच्या घटना न्यायालयाने साधा हिशेब मांडला: करार आधीचा, कायदा नंतरचा, तेव्हा नंतरचा कायदा चालणार. पण प्रकरण लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयातही गेलं होतं. 15 जुलै 1964 ला त्या न्यायालयाने निकाल दिला की सदस्य देशांनी स्वतःच्या सार्वभौम हक्कांवर कायमची मर्यादा घालून घेतली आहे, त्यामुळे नंतर केलेला देशी कायदासुद्धा युरोपीय कायद्याला बाजूला सारू शकत नाही. रोम करारात असं स्पष्ट सांगणारं एकही कलम नव्हतं! कोस्तांच्या पदरात फारसं काही पडलं नाही, पण आज सत्तावीस देशांतली न्यायालयं ज्या तत्त्वावर चालतात ते त्या बिलावरून निघालं.

कायदा म्हणून मला हा निकाल पटतो. प्रत्येक देश हवं तेव्हा नवा कायदा करून करारातून अंग काढून घेऊ लागला, तर कराराला अर्थच उरत नाही. पण एवढी मोठी गोष्ट कुठल्याही संसदेत मतदान न होता ठरली, ही त्यातली उणीव आहे आणि ती आजवर भरून निघालेली नाही. म्हणूनच जर्मनीचं घटना न्यायालय 1993 पासून सांगत आलं आहे की करारांचे धनी सदस्य देशच आहेत, आणि महासंघ दिलेल्या अधिकारांबाहेर गेला की आम्ही अडवू. 5 मे 2020 ला, युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या रोखे खरेदीच्या प्रकरणात, त्यांनी खरोखरच लक्झेंबर्गचा निकाल मानायला नकार दिला. पुढच्याच वर्षी पोलंडच्या घटना न्यायाधिकरणाने त्याहून टोकाची भूमिका घेतली. अंतिम शब्द कुणाचा, हे महासंघात आजही ठरलेलं नाही.

तुम्ही भारताशी तुलना केली आहे, तर मूळ फरक इथे आहे. 4 नोव्हेंबर 1948 ला घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी स्पष्ट केलं होतं की आपला संघ राज्यांच्या आपसातल्या करारातून जन्मलेला नाही, आणि म्हणून कुठल्याही राज्याला फुटून निघण्याचा हक्क नाही. आपली संसद कायदा करून राज्यांच्या सीमा बदलू शकते. 1960 साली मुंबई राज्याची महाराष्ट्र आणि गुजरात अशी दोन राज्यं झाली ती याच अधिकारात. ब्रुसेल्स बेल्जियमच्या सीमेला बोटही लावू शकत नाही, आणि ब्रिटन 31 जानेवारी 2020 ला रीतसर बाहेर पडला. जिथून बाहेर पडता येतं तिथे सार्वभौमत्व संपलं असं म्हणणं मला मान्य नाही.

पैशाचं चित्र अगदी उलटं. महासंघाचं अंदाजपत्रक सदस्य देशांच्या एकत्रित उत्पन्नाच्या साधारण एक टक्का असतं. चलन एक आणि तिजोऱ्या वेगळ्या, याची किंमत 2010 नंतरच्या कर्जसंकटात ग्रीसच्या सामान्य माणसाने मोजली. पेन्शन कापल्या गेल्या, तरुणांच्या नोकऱ्या गेल्या, आणि निर्णय घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना तो मत देऊन हटवू शकत नव्हता. जुलै 2020 मध्ये कोविडनंतरच्या उभारणीसाठी 750 अब्ज युरोंचं सामायिक कर्ज काढायचं ठरलं, ते त्या अनुभवामुळेच. मला ते योग्य दिशेचं पाऊल वाटतं.

आता एकमत. परराष्ट्र धोरण, कर, नव्या देशांचा प्रवेश या विषयांत एका देशाचा नकार पुरतो. 14 डिसेंबर 2023 ला ब्रुसेल्समध्ये युक्रेनशी प्रवेशाची बोलणी सुरू करायची की नाही, हे ठरायचं होतं. हंगेरीचे पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान कित्येक आठवडे विरोधात होते. शेवटी जर्मनीचे तेव्हाचे चॅन्सलर ओलाफ शोल्झ यांनी त्यांना सुचवलं की जरा बाहेर जाऊन कॉफी घ्या. ओर्बान बाहेर गेले, आणि उरलेल्या सव्वीस जणांनी निर्णय घेऊन टाकला. त्याच रात्री ओर्बान यांनी युक्रेनची 50 अब्ज युरोंची मदत मात्र रोखली. ती 1 फेब्रुवारी 2024 ला मंजूर झाली. हंगेरीची लोकसंख्या एक कोटीहून कमी, महासंघाची सुमारे 45 कोटी. फिनलंडच्या किंवा नेदरलँड्सच्या मतदारांनी निवडून दिलेल्या सरकारचा निर्णय असा अडकून पडतो, तेव्हा त्यांच्या सार्वभौमत्वाचं काय?

बहुमताने निर्णय म्हणजे मोठ्यांची दादागिरी, ही भीती मी समजू शकतो, पण नियम तसा नाही. 27 पैकी किमान 15 देश आणि 65 टक्के लोकसंख्या असं दुहेरी बहुमत लागतं, आणि लोकसंख्येच्या जोरावर प्रस्ताव अडवायचा तरी किमान चार देश एकत्र यावे लागतात. जर्मनी आणि फ्रान्स दोघंच मिळून ना काही लादू शकतात, ना अडवू शकतात.

मात्र वर नेण्याच्या गोष्टी मोजक्याच असाव्यात: संरक्षण, परराष्ट्र धोरण, सामायिक कर्ज. शाळा, दवाखाने, पेन्शन, भाषा यांत ब्रुसेल्सने पडू नये. लोकांना विचारल्याशिवाय तर काहीच वर नेऊ नये. 2005 साली युरोपीय राज्यघटना फ्रान्सने सुमारे 55 आणि नेदरलँड्सने सुमारे 61.5 टक्क्यांनी नाकारली, आणि तिच्यातला बराचसा मजकूर 2009 मध्ये लागू झालेल्या लिस्बन करारात परत आला, या वेळी त्या दोन्ही देशांत सार्वमत न घेता. हे मला फार खटकतं. राष्ट्रीय संसदांना हरकतीचा अधिकार आहे, पण तोही दुबळा: एक तृतीयांश (फौजदारी न्यायाच्या विषयांत एक चतुर्थांश) मतांइतक्या संसदांनी आठ आठवड्यांत आक्षेप घेतला तर कायद्यांचे प्रस्ताव मांडणाऱ्या युरोपीय आयोगाला फेरविचार करावा लागतो, बस. 2013 मध्ये, महासंघाच्या पैशातल्या गैरव्यवहारांवर खटले चालवणाऱ्या युरोपीय सरकारी वकील कार्यालयाच्या प्रस्तावावर असा आक्षेप आला, तरी आयोगाने प्रस्ताव तसाच पुढे नेला. या अधिकाराला धार यायला हवी.

लिस्बन करारात एकमताकडून बहुमताकडे जाण्याची सोय आहे, पण ती वापरायलाही एकमतच लागतं. त्यामुळे सगळे एकदम संघराज्यात शिरतील, असं मला वाटत नाही. मार्ग दिसतो तो त्या सरकारी वकील कार्यालयाचाच. सगळ्यांचं जमेना, तेव्हा किमान नऊ देशांनी पुढे जाण्याची करारातली सोय वापरली गेली आणि जून 2021 मध्ये 22 देशांना घेऊन काम सुरू झालं. पोलंड आणि स्वीडन 2024 मध्ये आत आले. हंगेरी तेव्हा बाहेरच राहिला, आणि तो त्याचा हक्क होता.