वसंतराव नाईक मुळात शेतकरी की वकील?

दोन्ही, पण आधी शेतकरी. पुसद तालुक्यातल्या गहुलीत, बंजारा तांड्यावरच्या शेतकरी घरात 1 जुलै 1913 ला त्यांचा जन्म झाला. म्हणूनच महाराष्ट्रात 1 जुलै हा कृषी दिन. नागपुरात वकिलीचं शिक्षण, पुढे पुसदचं नगराध्यक्षपद, 1952 ला आमदार. डिसेंबर 1963 ते फेब्रुवारी 1975, म्हणजे 11 वर्षांहून जास्त काळ ते मुख्यमंत्री होते. एवढा काळ अजून कोणी टिकलेलं नाही.

शेती त्यांच्या निर्णयांत दिसते. त्यांच्या काळात संकरित ज्वारी गावोगाव पोचली. धांडा बुटका, कणीस मात्र भरगच्च. बैलांना कडबा कमी पडतो ही कुरकुर खरी होती, पण घरात धान्य आलं. आमच्या भागातली म्हातारी माणसं अजूनही ‘हायब्रीड’ म्हटलं की ज्वारीच समजतात.

एक मात्र लक्षात घ्या: 1972 च्या दुष्काळातल्या रोजगार हमीचं सगळं श्रेय त्यांना देतात, ते बरोबर नाही. मूळ कल्पना विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची. नाईकांनी ती सरकारी योजना म्हणून राबवली, आणि तेही मोठंच काम होतं.