विंडोजचा गेम लिनक्सवर जास्त फास्ट कसा काय चालतो? मधे प्रोटॉन (स्टीम या गेम स्टोअरचं, विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारं सॉफ्टवेअर) आहे म्हटल्यावर उलट स्लो नको का व्हायला?

मलाही आधी हेच वाटायचं, मधे दुभाषी बसवला की बोलणं लांबणारच ना. पण प्रोटॉन ज्याच्यावर उभं आहे ते वाईन एम्युलेटर (म्हणजे अख्ख्या दुसऱ्या मशीनची नक्कल करणारं सॉफ्टवेअर) नाहीच, नावाचा फुलफॉर्मच 'वाईन इज नॉट ॲन एम्युलेटर' आहे. गेमचा कोड तुमच्या प्रोसेसरवर थेट चालतो, भाषांतर होतं ते गेम विंडोजकडे जे काय मागतो तेवढ्याचंच. ग्राफिक्सचं खातं डीएक्सव्हीकेकडे, ते डायरेक्टएक्स (विंडोजची ग्राफिक्सची भाषा) ९, १०, ११ चे कॉल व्हल्कनमधे (लिनक्सवरही चालणारी तशीच भाषा) करून देतं, १२ साठी व्हीकेडी३डी-प्रोटॉन वेगळं आहे.

आता फास्ट का, तर जुने गेम एकेका फ्रेमला हजारो ड्रॉ कॉल (म्हणजे 'हे काढ, ते काढ' असे हुकूम) टाकतात आणि तो भार बऱ्याचदा प्रोसेसरच्या एकाच कोअरवर येतो, ग्राफिक्स कार्ड आपलं माशा मारत बसलेलं. व्हल्कनमधे हा भार हलका होतो, शिवाय डीएक्सव्हीके त्यातलं बरंच काम दुसऱ्या थ्रेडवर ढकलतं.

आणि याला लिनक्सच लागतं असंही नाही! मी विंडोजवरच करून बघितलं, डायरेक्टएक्स ९ चा एक जुना गेम होता, गर्दीच्या चौकात गाडी वळवली की हमखास अडखळायचा. डीएक्सव्हीकेची 'डी३डी९' नावाची डीएलएल फाइल गेमच्या ईएक्सई शेजारी टाकली, तर गेम उघडेचना. तासभर डोकं खाजवल्यावर कळलं की गेम ३२ बिटचा आणि मी फाइल ६४ च्या फोल्डरमधली उचललेली 😅 बरोबर फाइल टाकल्यावर पहिली दहा मिनिटं तर आधीपेक्षा जास्त अडखळला, कारण शेडर (ग्राफिक्स कार्डवर चालणारे छोटे प्रोग्राम) तेव्हाच कंपाइल होत असतात, बरेच जण इथेच वैतागून काढून टाकतात. नंतर तोच चौक, तीच गर्दी, पण एकदम लोण्यासारखा.

लिनक्सवर असाल तर स्टीम हे शेडर बऱ्याच गेमचे आधीच उतरवून ठेवतं, ते प्रोसेसिंग 'स्किप' करू नका. लिनक्सच्या कर्नल ६.१४ पासून एनटीसिंक (थ्रेडचा ताळमेळ विंडोजसारखा ठेवणारी सोय) आलंय, पण प्रोटॉनमधे त्याच कामाचं एफसिंक आधीपासून आहे त्यामुळे त्यातून लय मोठ्या उडीची अपेक्षा नको.

ऑनलाइन गेममधे मात्र या डीएलएल टाकू नका, अँटी-चीटने पकडलं तर अकाउंट जाईल, आणि व्हॅलोरंटसारखे गेम प्रोटॉनवर चालतच नाहीत. हे सगळं करायच्या आधी गेम चालू असताना ग्राफिक्स कार्डचा वापर किती टक्के आहे बघा, ९९ च्या आसपास असेल तर यातून फार काही हाती लागणार नाही, सरळ रिझोल्यूशन कमी करा.