रेंजवरील हौशी नेमबाजीसाठी सर्वांत लहान आणि हलके .२२ पिस्तूल कोणते घ्यावे?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा : तुम्ही टेक्सासमध्ये राहता, वय ५६, ग्रीन कार्ड आहे, आजवर हत्यार हाताळलेले नाही, तुम्हा पतिपत्नींना महिन्यातून एकदोनदा रेंजवर जाऊन कागदी लक्ष्यावर नेम धरण्याची हौस आहे आणि पत्नीच्या मनगटात व अंगठ्यात जोर कमी असल्यामुळे रिमफायर (म्हणजे बुडाच्या कडेवर आघात होऊन पेटणारे .२२ सारखे छोटे काडतूस वापरणाऱ्या) पिस्तुलांपैकी सर्वांत लहान व सर्वांत हलके कोणते, एवढेच तुम्हाला हवे आहे.

मी ओहायोत राहतो आणि गेली अकरा वर्षे सपत्नीक हाच छंद करतो आहे. रिमफायर घेण्याचा तुमचा विचार अगदी योग्य आहे, पण ‘सर्वांत हलके’ हा निकष मात्र कृपया सोडून द्यावा. मीही तो निकष धरूनच पहिले पिस्तूल घेतले होते आणि आठ महिन्यांत विकून टाकले.

रिमफायरविषयी फार लिहीत नाही. .२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ पासून चालत आले आहे, त्याची नेहमीची गोळी ४० ग्रेनची, म्हणजे जेमतेम २.६ ग्रॅमची असते, धक्का जवळजवळ जाणवत नाही आणि साधे काडतूस दहा सेंटच्या आतबाहेर मिळते. नवशिक्याला दुसऱ्या कशाची गरज नाही.

आता वजनाकडे वळू. खिशात मावणारी पिस्तुले चारशे ग्रॅमच्या आसपास, काही त्याहूनही कमी वजनाची असतात आणि त्यांचा चाप ओढायला साधारण अडीच किलोचा जोर लागतो. म्हणजे जी वस्तू तुम्ही हवेत स्थिर धरू पाहता, तिच्या वजनाच्या पाचसहापट जोर तुमचे एक बोट तिच्यावर लावत असते. तो जोर सरळ मागे गेला तर ठीक. पण नवशिक्याचे बोट नेहमी थोडे तिरके ओढते आणि पिस्तुलाला स्वतःचे वजनच नसल्यामुळे ते बोटामागोमाग वळते. मी पहिल्या दिवशी सात यार्डांवर, म्हणजे साडेसहा मीटरवर, जेवणाची नऊ इंची कागदी थाळी टांगली होती. दहा गोळ्यांपैकी चार थाळीत लागल्या, त्याही सगळ्या डावीकडे खालच्या कडेला, आणि उरलेल्या सहा कुठे गेल्या ते मागच्या मातीच्या बांधालाच ठाऊक. शेजारच्या लेनमधील एका वयस्क गृहस्थांनी न बोलता स्वतःचे जड, लांब नळीचे पिस्तूल माझ्यापुढे ठेवले. त्याच थाळीत माझ्या दहाच्या दहा गोळ्या लागल्या. पाच मिनिटांत माझ्या अंगी कोणतेही कौशल्य आलेले नव्हते. बदलले होते ते हातातले यंत्र.

लहान आकाराची दुसरी अडचण भूमितीची आहे. पुढची आणि मागची साइट (नेम जुळवण्याच्या खुणा) यांच्यात समजा १४ सेंटीमीटर अंतर आहे आणि नेम धरताना त्यांच्या जुळणीत एक मिलिमीटरची चूक झाली, तर दहा मीटरवर गोळी सुमारे ७१ मिलिमीटर बाजूला जाते. तेच अंतर २० सेंटीमीटर असेल, तर त्याच चुकीने गोळी ५० मिलिमीटर सरकते. पन्नाशी ओलांडलेल्या, चाळिशीचा चष्मा लावणाऱ्या डोळ्यांना एक मिलिमीटरची चूक होणे मुळीच अवघड नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले, तो प्रकारही .२२ रिमफायरचाच. त्या प्रकाराच्या नियमात पिस्तुलाचे वजन १४०० ग्रॅमपर्यंत चालते आणि चाप मात्र किमान एक किलोचा असला की पुरतो. तिथली पिस्तुले साधारण एक किलोची किंवा त्याहून जड असतात. हलके पिस्तूल वापरण्यास कोणाचीही मनाई नसताना जगातले उत्तम नेमबाज ते वापरत नाहीत. अर्थात तुम्हाला पदक मिळवायचे नाही, आणि एक किलोचे पिस्तूल तासभर हात लांब करून धरणे दुखऱ्या मनगटाला झेपणारही नाही. म्हणून मधला मार्ग काढावा लागतो, आणि माझ्या मते तो सातशे ग्रॅमच्या आसपास आहे.

त्या जागी माझी पहिली शिफारस रुगर मार्क फोर २२/४५ लाइट ही आहे. वजन २५ औंस, म्हणजे साधारण ७१० ग्रॅम, नळी ४.४ इंच, मॅगझिनमध्ये (काडतुसांच्या पेटीत) दहा काडतुसे. त्याच्यात पूर्ण स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागेपुढे होत नाही. नळी आणि साइट जागच्या जागी राहतात आणि आतला छोटा बोल्ट तेवढा हलतो, त्यामुळे नेमात सातत्य राहते. रुगरची ही मालिका १९४९ पासूनची आहे, पण जुन्या पिढ्या साफसफाईसाठी उघडल्या की पुन्हा जोडताना माणूस रडकुंडीला येत असे. २०१६ मध्ये आलेल्या मार्क फोरला मागे एक बटण आहे, ते दाबले की पिस्तूल बिजागरीसारखे उघडते. जुने, वापरलेले घेणार असाल तर एक काळजी घ्या : १ जून २०१७ पूर्वी बनलेली मार्क फोर पिस्तुले सेफ्टीच्या दोषामुळे कंपनीने परत बोलावली होती, तेव्हा ती दुरुस्ती झाली आहे की नाही हे क्रमांकावरून तपासल्याशिवाय पैसे देऊ नका.

तुमच्या पत्नीच्या दृष्टीने मात्र या पिस्तुलाची एक उणीव आहे. बोल्ट मागे ओढण्यासाठी मागच्या बाजूला दोन छोटे कान असतात आणि ते चिमटीत धरून खेचावे लागतात. जोर फार लागत नाही, पण घामट बोटे निसटतात. माझ्या पत्नीने यावर तर्जनी आणि मधले बोट वाकवून दोन्ही कानांवर अडकवण्याची रीत शोधली, अंगठ्याला काम दिलेच नाही. दुकानात हा प्रयोग त्यांच्याकडून रिकाम्या पिस्तुलावर करून घ्या, तुम्ही स्वतः करून ‘जमते’ असे ठरवू नका.

तो जमलाच नाही, तर पूर्ण स्लाइडच्या पिस्तुलांकडे वळावे. त्यांत टॉरस टीएक्स२२ मला सर्वांत पसंत आहे : १७.३ औंस म्हणजे ४९० ग्रॅम, ४.१ इंची नळी, सोळा काडतुसे, आणि किमतीच्या मानाने चाप आश्चर्य वाटावे इतका चांगला. स्मिथ अँड वेसनचे एम अँड पी २२ कॉम्पॅक्ट १५.३ औंसांचे आणि ३.६ इंची नळीचे आहे. ते लहान हातात फार छान बसते, पण चापाच्या बाबतीत मी त्याला टॉरसच्या खाली ठेवीन. ग्लॉक ४४ याहून किंचित हलके आहे आणि तुमच्या मनात पुढे ९ मिलिमीटरचे ग्लॉक घेण्याचा विचार असेल तरच त्याला अर्थ आहे, कारण आकार आणि पकड जवळजवळ तीच राहते. या तिघांच्याही स्लाइडच्या स्प्रिंग मोठ्या पिस्तुलांच्या तुलनेत बऱ्याच मऊ असतात.

बेरेटा २१ए बॉबकॅटचे नाव कोणीतरी तुम्हाला सुचवीलच, कारण त्याची नळी एक कळ दाबताच वर उचलली जाते आणि काडतूस थेट आत ठेवता येते, स्लाइड ओढावीच लागत नाही. कल्पना सुरेख आहे. पण नळी अडीच इंचांपेक्षाही आखूड आणि साइट नावापुरत्या, त्यामुळे तुमच्या कामाला ते उपयोगी नाही.

पिस्तुलाइतकाच विचार काडतुसाचा करावा. रिमफायरमध्ये पेट घेणारे मिश्रण काडतुसाच्या बुडाशी असलेल्या कडेत भरलेले असते आणि फायरिंग पिन त्या कडेवर आदळते. ते मिश्रण कडेभर सारखे पसरले नाही तर काडतूस पेटत नाही, आणि हे इतर प्रकारांपेक्षा .२२ मध्ये अधिक वेळा घडते. असे झाले की नळी लक्ष्याकडेच ठेवून निदान तीस सेकंद थांबावे आणि मगच काडतूस बाहेर काढावे. त्याउलट आवाज नेहमीपेक्षा फुसका आला, तर लगेच थांबावे. गोळी नळीतच अडकलेली असू शकते आणि तिच्यामागे दुसरी झाडणे धोक्याचे आहे. शिवाय या पिस्तुलांत स्लाइड मागे ढकलण्याचे काम त्या इवल्याशा काडतुसाच्या जोरावरच होते, म्हणून मंद वेगाच्या काडतुसांनी स्लाइड अर्धवट मागे जाते आणि रिकामे टरफल बाहेर पडण्याच्या खिडकीत उभे अडकते. सुरुवातीला सीसीआय मिनी-मॅग किंवा तशाच ४० ग्रेनच्या, जास्त वेगाच्या काडतुसांचे दोनतीन डबे झाडून घ्या, मग स्वस्त माल वापरून पाहा. मॅगझिन भरताना बाजूचे बटण अंगठ्याने खाली ओढून धरावे लागते. तिसऱ्या मॅगझिनपर्यंत अंगठा दुखू लागतो, तेव्हा भरण्याचे ते काम तुम्हीच अंगावर घ्यावे किंवा भरणीचे छोटे प्लास्टिकचे साधन घ्यावे.

घरी रिकाम्या पिस्तुलावर चाप ओढण्याचा सराव करणार असाल, तर आधी पुस्तिका वाचा. अनेक .२२ पिस्तुलांत मधे काडतूस नसले की पिन थेट नळीच्या कडेवर आदळते आणि तिथे खळगा पडतो. आमच्याकडील जुने नेमबाज त्यासाठी भिंतीत स्क्रू बसवण्याचे पिवळे प्लास्टिकचे गुटके नळीच्या मागच्या टोकाला, काडतूस बसते त्या जागी ठेवतात. हार्डवेअरच्या दुकानात पुडकेभर मिळतात आणि काम चोख करतात. अर्थात खरी काडतुसे त्या खोलीत असता कामा नयेत.

शिशाकडे नवखी माणसे हमखास दुर्लक्ष करतात. .२२ ची गोळी बहुधा उघड्या शिशाची असते, पेट घेणाऱ्या मिश्रणातही शिशाची संयुगे असतात, आणि बंदिस्त रेंजमध्ये ती धूळ हातांवर, केसांत, बुटांवर बसते. रेंजवर काही खाऊ नका, निघताना थंड पाण्याने व साबणाने हात आणि तोंड धुवा, आणि घरात नातवंडे येत असतील तर ते बूट दाराबाहेरच राहू द्या. कानांच्या संरक्षणाबाबत ‘.२२ चा आवाज तो काय’ असे म्हणणाऱ्याचे ऐकू नका; कानबंद आणि डोळ्यांवर चष्मा दोन्ही हवेतच.

कायद्याचे थोडक्यात : तुम्ही ग्रीन कार्डधारक असल्यामुळे परवानाधारक विक्रेत्याकडून पिस्तूल घेऊ शकता. सध्याचा पत्ता असलेले सरकारी ओळखपत्र न्यावे, ४४७३ क्रमांकाचा अर्ज भरावा, आणि एफबीआयच्या यंत्रणेतून पूर्वइतिहासाची तपासणी होते. टेक्सासमध्ये खरेदीसाठी राज्याचा वेगळा परवाना लागत नाही. न्यू जर्सी किंवा इलिनॉयमध्ये लागतो, हे इतर वाचकांसाठी. तुमच्या ओळखीतील एच-१बी व्हिसावरील तरुणांना हौसेने बरोबर नेण्यापूर्वी मात्र सावध राहा, कारण तशा व्हिसावरील व्यक्तीला हत्यार घेणे आणि बाळगणे संघीय कायद्याने सामान्यतः निषिद्ध आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजकेच अपवाद आहेत, आणि ‘एक गोळी झाडून बघ’ एवढेही त्यात अडकू शकते.

राहता राहिली पिशवी. रेंजसाठी एक पिशवी ठरवा आणि ती दुसऱ्या कोणत्याही कामाला वापरू नका. .२२ चे काडतूस बोटाच्या पेराएवढे असते, अस्तराच्या शिवणीत सहज जाऊन बसते आणि महिनोन्‌महिने सापडत नाही. मुंबईच्या विमानतळावर ते क्ष-किरणात दिसले, तर एका काडतुसावरही शस्त्र अधिनियमाखाली पोलिसांत प्रकरण होऊ शकते. आमच्या घरी ती पिशवी गॅरेजमधील कपाटात असते आणि तिच्यावर माझ्या पत्नीने मार्करने ठळक लिहून ठेवले आहे : ‘भारतात नाही’.