नोकरी सांभाळून कथा लिहिते, पण प्रत्येक कथा तिसऱ्या-चौथ्या पानावर अडकते. पूर्ण कशी करावी?

सुरुवात झपाट्याने होते, चौथ्या पानाशी हात थांबतो, मग मूड येण्याची वाट बघण्यात महिने जातात आणि तेवढ्यात दुसरीच कथा सुचते, असं तुम्ही लिहिलंय. अशा अकरा अर्धवट कथा तुमच्या वहीत पडून आहेत. मी बावीस वर्षं नोकरी करत कथा लिहिते आहे आणि माझ्याकडेही असाच एक गठ्ठा होता, म्हणून जरा सविस्तर सांगते.

कथा जिथे अडकते तिथे ती बिघडलेली नसते. बहुतेक वेळा ती एक-दोन पानं आधीच बिघडलेली असते आणि आपण मात्र शेवटच्या ओळीपाशी बसून पुढचं सुचायची वाट बघत राहतो. हे कळायला मला फार वर्षं लागली.

माझ्याच एका कथेचं सांगते. वडील गेल्यावर दोन भाऊ त्यांचं घर रिकामं करायला येतात. वडील सुतार होते. धाकटा शेवटपर्यंत त्यांच्याजवळ राहिलेला, थोरला पंधरा वर्षं लांब. आल्याबरोबर थोरला हत्यारांची पेटी उघडतो. दुसऱ्या पानावर तो धाकट्याला म्हणतो, "तूच ठेव सगळं. मला काही नको." चौथ्या पानावर दोघं समोरासमोर बसलेले आणि कथा ठप्प. मी काय काय करून पाहिलं! शेजारीण आणली, पाऊस पाडला, एक जुनं पत्र सापडवलं. तीन महिने गेले. काहीही आणलं तरी ते दोघं तसेच बसून.

एके दिवशी कथा पहिल्यापासून मोठ्याने वाचली. "मला काही नको" या वाक्याशी आवाज आपोआप खाली गेला, खोटं बोलताना जातो तसा. इतक्या लांबून आलेला, घरात पाय ठेवल्या ठेवल्या पेटी उघडणारा माणूस असं म्हणेल? त्याला ती पेटी हवीच होती. मला तो आवडायला लागला होता, तो चांगला दिसावा असं मला वाटत होतं, म्हणून ते वाक्य मी त्याच्या तोंडी घातलं होतं. आणि त्याने सगळं सोडून दिल्यावर दोघांत बोलण्यासारखं उरणार तरी काय?

त्या वाक्यापासून पुढची दोन पानं काढून टाकली. आता थोरला पेटीतली पटाशी हातात घेतो आणि एवढंच विचारतो, "मूठ नवी बसवलीस?"
"तुटली होती."
"कधी?"
"तू नव्हतास तेव्हा."

तीन महिने रखडलेली कथा तिथून नऊ दिवसांत पूर्ण झाली. शेजारीण, पाऊस, पत्र, कशाचीच गरज पडली नाही.

तुम्हीही हेच करून बघा. अडकलेली कथा पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचा, हातात फक्त पेन्सिल. शुद्धलेखन, शब्दांची उलटापालट काही करायचं नाही. जिथे तुमचा स्वतःचा विश्वास उडतो तिथे एक रेघ मारा. ती जागा बहुधा ठरावीक प्रकारची असते. एखादं पात्र स्वतःच्या मनातलं इतकं नीट समजावून सांगतं, की तसं कुणी प्रत्यक्षात बोलत नाही. किंवा ते झेपणार नाही इतकं उदार होतं. किंवा लेखकाची सुटका व्हावी म्हणून मध्येच काहीतरी घडतं: फोन येतो, कुणी आजारी पडतं. पहिल्या रेघेपासून पुढचं सगळं काढा. फेकू नका, वेगळ्या फाइलमध्ये ठेवा, म्हणजे कापताना हात कचरत नाही. मग त्या पात्राला त्या क्षणी नेमकं काय हवंय, एवढंच स्वतःला विचारा. कथेचा विषय, आशय वगैरे तेव्हा डोक्यात आणू नका.

आता मूडबद्दल. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रॉलप टपाल खात्यात नोकरीला होता. पहाटे साडेपाचला लिहायला बसायचा, समोर घड्याळ ठेवून दर पंधरा मिनिटांना २५० शब्द. त्याने हे स्वतःच्या आत्मचरित्रात लिहून ठेवलं, ते १८८३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालं. त्याच्या नावावर ४७ कादंबऱ्या आहेत. याच्या अगदी उलट जर्मन भाषेत लिहिणारा लेखक काफ्का. तो प्रागमध्ये कामगारांच्या अपघात विमा संस्थेत काम करायचा. २२ सप्टेंबर १९१२ च्या रात्री दहाला बसला आणि सकाळी सहापर्यंत एका बैठकीत अख्खी कथा लिहून उठला. लिहावं तर असंच, असं त्याला वाटलं. पण त्याच्या तिन्ही कादंबऱ्या अपूर्ण राहिल्या. त्या रात्रीसारख्या रात्री येतात, मलाही दोन-तीन मिळाल्या आहेत, आणि त्यांच्यासारखं सुख नाही. पण त्यांच्या भरवशावर बसलं तर मधले महिने कोरे जातात.

माझी वेळ ऑफिसला निघण्यापूर्वीची चाळीस मिनिटं. रोज अर्धं पान होतं, कधी चारच ओळी. एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळते: पुढचं वाक्य ठाऊक असतानाच थांबायचं. सगळं सुचलेलं लिहून रिकामं होऊन उठलं, की दुसऱ्या दिवशी विहीर नव्याने खणावी लागते. ज्या दिवशी लिहायला जमत नाही त्या दिवशी कालचं पान वाचून एखादं क्रियापद बदलते. कथा मनातून उतरत नाही, एवढ्यासाठी.

आणि लिहून होण्याआधी कथा कुणाला सांगू नका, जवळच्या मैत्रिणीलासुद्धा. ऐकणाऱ्याने "वा!" म्हटलं की लिहिण्याची निकड निम्मी संपते. माझ्या चांगल्या दोन कथा अशा बोलण्यातच विरल्या, त्याची हळहळ अजून आहे.

पूर्ण झालेला खर्डा महिनाभर बंद ठेवा, मगच पुनर्लेखन. पाठवलेल्या कथा साभार परत येतात, अजूनही येतात. तोवर दुसरी कथा हातात असली की ते सोसवतं. मानधनावर घर चालेल असं धरू नका, नोकरी सोडू नका. पुस्तकाचा करार झाला तर अनुवाद, चित्रपट आणि ऑडिओचे हक्क कुणाकडे राहतात ते सहीपूर्वी वाचा.

तुमच्या अकराच्या अकरा पूर्ण होणार नाहीत. माझ्या गठ्ठ्यातल्या चौदांपैकी पाच झाल्या. दोन एकमेकींत मिसळून एकच कथा झाली, कारण दोन्हींत मला एकाच बाईबद्दल लिहायचं होतं. बाकीच्या अजून तशाच आहेत. सुरुवात सर्वांत जुन्या कथेपासून करा. नव्या कथेवर अजून जीव जडलेला असतो, तिच्यात रेघ मारताना पेन्सिल अडखळते. जुनी आपण परक्याच्या कानांनी ऐकू शकतो.