अप्पलपोटा म्हणजे आत्मकेंद्रितच का?

प्रश्न असा आला आहे: ‘आजी फक्त खाण्यावरून एखाद्याला अप्पलपोटा म्हणायची. ऑफिसातल्या माणसाला हा शब्द लावता येईल का? आणि आत्मकेंद्रित म्हणजे तेच ना?’

लावता येईल, खुशाल लावा. शब्द पोटापासून निघाला हे खरं. सगळ्यांसाठी केलेल्या वड्या एकट्यानेच संपवणारं पोर म्हणजे अप्पलपोटं. पण मराठीत पोट अन्नापुरतं कुठे राहतं? ‘पोटासाठी वणवण’ म्हणतो तेव्हा सगळा चरितार्थ त्यात येतो. म्हणून सोयीच्या रजा आधी स्वतःच्या नावावर लावून घेणारा सहकारीही अप्पलपोटाच. बाई असेल तर अप्पलपोटी, आणि हा गुण म्हणजे अप्पलपोटेपणा.

मला या शब्दातलं ‘अप्पल’ फार आवडतं. संस्कृत ‘आत्मन्’चं प्राकृतात ‘अप्प’ झालं आणि त्यातूनच आपले आप, आपण, आपला हे शब्द आले. ‘आपला’मध्ये एकच प उरला, इथे मात्र प्राकृतातलं जोड प अजून ऐकू येतं. म्हणजे आत्मकेंद्रितातला ‘आत्म’ आणि अप्पलपोट्यातला ‘अप्पल’ मुळात एकच! एक संस्कृतातून जसाच्या तसा उचललेला, दुसरा लोकांच्या तोंडी झिजत आलेला.

मूळ एक असलं तरी अर्थ एक नाही. अप्पलपोट्याला दुसऱ्याचा वाटा दिसत असतो, तरी तो घेतो. आत्मकेंद्रित माणसाला दुसरा दिसतच नाही. तुम्ही आईच्या आजारपणाबद्दल सांगायला लागलात की तो ‘माझंही गुडघ्याचं असंच’ म्हणून सुरू होतो. तो कदाचित हाताने उदार असेल, तुमचं बिलही भरेल. त्याला अप्पलपोटा म्हणणं अन्यायाचं होईल.

आपमतलबी आणखी निराळा. त्यातला ‘मतलब’ अरबी, चहाची ‘तलब’ येते तिच्याच घराण्यातला. आपमतलबी माणूस हिशेबी असतो. काम असेल तेव्हा गोड बोलतो, काम झालं की ओळख विसरतो. लहान मुलाला अप्पलपोटं म्हणताना आवाजात माया असू शकते, आपमतलबी म्हणताना ती नसते.

आणि कृपा करून या रांगेत ‘स्वमग्न’ बसवू नका. ऑटिझमसाठी मराठीत स्वमग्नता हा शब्द रुळला आहे. एखाद्याचा स्वार्थ दाखवायला तो वापरला, तर त्या मुलांच्या आईवडिलांना तो उगाच लागतो.