दंड सरकारजमा, तुमच्या हाती काय?

प्रश्न : औषधाच्या दुकानात बिल करताना मोबाइल नंबर घेतात. दिल्यापासून जाहिरातींचे मेसेज थांबत नाहीत. (गृहिणी, नाशिक)

नंबरशिवाय बिल होत नाही, ही थाप आहे. ग्राहकाकडे नंबरचा आग्रह धरू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्येच दुकानदारांना बजावलं होतं. गंमत म्हणजे २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातलं एक उदाहरण औषधाच्या दुकानाचंच आहे : पावतीसाठी नंबर दिला, तर तो पावतीपुरताच वापरायचा. पण नियम निघाले नोव्हेंबर २०२५मध्ये, आणि त्यासोबतच्या अधिसूचनेनुसार ही कलमं १८ महिन्यांनी लागू होणार. तोवर सरळ "नंबर देत नाही" म्हणा. मीही तेच करतो. काउंटरवरचा मुलगा जरा कुरकुरतो, बिल मात्र निघतं.

प्रश्न : तपासणी केंद्राकडून माझा रक्ताचा रिपोर्ट बाहेर फुटला. कायद्यात २५० कोटींचा दंड आहे म्हणे. मला किती मिळतील? (नोकरदार, ठाणे)

एक रुपयाही नाही. वर सांगितलेल्या २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यातली २५० कोटी ही कमाल मर्यादा. दंड त्याच कायद्याखालचं डेटा संरक्षण मंडळ ठोठावणार आणि रक्कम सरकारी तिजोरीत जाणार. ज्याची अब्रू गेली त्याला भरपाईची सोयच नव्या कायद्यात नाही. माझ्या मते ही त्यातली सगळ्यात मोठी खोट.

तुम्ही मात्र अजून जुन्या वाटेने जाऊ शकता. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३-अ नवी कलमं लागू होईपर्यंत जिवंत आहे. वैद्यकीय माहिती त्यात संवेदनशील मानली जाते. तपासणी केंद्राचा निष्काळजीपणा आणि त्यातून झालेलं नुकसान दाखवता आलं, तर ५ कोटींपर्यंतचा दावा राज्याच्या माहिती-तंत्रज्ञान सचिवांपुढे चालतो. म्हणजे आपल्याकडे मंत्रालयात. आधी तपासणी केंद्राला लेखी विचारा : रिपोर्ट कुणाकुणाला पाठवला? स्क्रीनशॉट, तारखा, पोच जपून ठेवा. फोनवरच्या "बघतो, सांगतो"ला पुरावा म्हणून किंमत नाही.

प्रश्न : लॉजवाला आधारची झेरॉक्स ठेवून घेतो. नव्या कायद्यात तक्रार करता येईल? (सेवानिवृत्त शिक्षक, मिरज)

झेरॉक्स नुसती फाइलला लावली असेल तर नाही. हा कायदा डिजिटल किंवा नंतर डिजिटल केलेल्या माहितीलाच लागू होतो. शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार यूआयडीएआयच्या (आधार देणारं प्राधिकरण) संकेतस्थळावर मिळतं. तेच छापून सोबत ठेवा.